बीजगोळ्यांद्वारे घरपरिसरात स्थानिक रानफुलांची लागवड : ब्राह्मणपुरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी हे गाव सातपुडा व तापी नदी यांच्या दरम्यानच्या सपाट प्रदेशात वसले आहे. येथील काळी कसदार जमीन प्रामुख्याने पिकांखाली असल्याने रानफुलांना बांध, रस्त्याची कड व पडीक जागा एवढाच आसरा उरतो. अशा जागांवरही मूळच्या अमेरिका खंडातील गाजरगवत व घाणेरी यांचे आक्रमण होते. या परिस्थितीत अंगण व परसबाग ही स्थानिक वनस्पतींची आश्रयस्थाने ठरू शकतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी उपयुक्त अशा बीजगोळा पद्धतीचे व तिच्या मर्यादांचे विवेचन केले आहे.

संकल्पना :
चिकणमाती, कुजलेले खत व बी यांची लहान गोळी म्हणजे बीजगोळा. जपानी शेतीतज्ज्ञ मासानोबु फुकुओका (१९१३-२००८) यांच्या नैसर्गिक शेतीमुळे ही पद्धत जगभर परिचित झाली. मातीचे आवरण मुंग्या, पक्षी व उन्हापासून बियांचे रक्षण करते आणि पुरेशा पावसात विरघळते. मात्र हे आवरण केवळ संरक्षण देते. निकृष्ट वा अयोग्य बियांना ते उगवणशक्ती देऊ शकत नाही. म्हणून बियांची निवड हाच या पद्धतीचा गाभा होय.

बियांची निवड :
१) तेरडा : अर्धवट सावली व ओलावा मानवतो. पक्व बोंड स्पर्शानेच फुटते; म्हणून ते फुटण्यापूर्वी बी गोळा करावे.
२) कुर्डू : भरपूर उन्हात वाढते. बी काळे, चकचकीत व बारीक असते. खरिपात ते तण ठरत असल्याने शेतालगत टाकू नये.
३) तरवड : पिवळ्या फुलांचे हे झुडूप कुंडीपेक्षा कुंपणालगत योग्य. बियांचे कवच कठीण असल्याने ते वाळूवर हलके घासून घ्यावे.

कृती :
पाच भाग चिकणमाती, एक भाग चाळलेले शेणखत व एक भाग बी एकत्र करून बेताच्या पाण्यात मळावे. काळी माती वाळताना आक्रसते व तडकते. तीत थोडी बारीक वाळू मिसळावी. सुमारे दीड सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्या करून त्या सावलीत दोन दिवस वाळवाव्यात. बारीक बी आत खोल दडपले गेल्यास उगवण घटते. ते ओल्या गोळीच्या पृष्ठभागावर हलकेच दाबावे. मोसमी पाऊस स्थिरावल्यावर, तण काढलेल्या मोकळ्या जमिनीवर गोळ्या ठेवाव्यात. पहिल्याच सरीनंतर टाकल्यास पुढील उघडिपीत कोवळी रोपे करपतात.

मर्यादा व दक्षता :
गाजरगवत वाढलेल्या जागेची माती वा न कुजलेले खत वापरल्यास बीजगोळा तणाचाच वाहक बनतो. बाजारातील मिश्र बियाण्यांत कॉसमॉससारख्या परदेशी फुलांचा समावेश असू शकतो. बी परिसरातूनच घ्यावे. परंतु एका जागेवरील सर्व बी काढून घेऊ नये.

समारोप :
बीजगोळा हे साधन अल्पखर्चिक व सुलभ आहे. तथापि त्याचे यश किती गोळे टाकले यावर नव्हे, तर किती रोपे फुलली आणि पुढील वर्षी आपसूक उगवली यावर मोजणे उचित ठरेल. महाविद्यालयांना परिसरातील विद्यार्थ्यांच्या अंगणांत अशी नोंद सातत्याने ठेवता येईल.