‘उतारू’ आणि ‘शिकाऊ’ : विमान-नियमांतील एक अर्थभेद

भोईवाडा म्हणजे भोयांची वस्ती. पालखीत बसणारा भोयास मोल देई ते वाहून नेण्याचे. पालखी वाहण्याची विद्या शिकण्याचे नव्हे. परळच्या या स्थलनामात दडलेला भेद विमान-नियमांसही करावा लागला आहे. जुहूच्या धावपट्टीवरून दोन आसनांच्या विमानात पैसे भरून अर्धा तास उडणारा मनुष्य उतारू की शिकाऊ?

१९३७ च्या विमान-नियमांनी कोणत्याही स्वरूपाच्या मोबदल्याने केलेली माणसांची वाहतूक ‘सार्वजनिक वाहतुकी’त घातली. येथे भार ‘मोबदला’ या शब्दावर आहे असे वाटते. परंतु शुल्क विद्यार्थीही देतोच. खरा भार आहे तो ‘वाहतूक’ या शब्दावर. अमेरिकन नियमांनी विद्यार्थ्यांचे शिक्षण व्यावसायिक परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवले. पंचवीस मैल त्रिज्येतील सहलीस मात्र निराळे अधिकारपत्र लागते. युरोपीय व्याख्या अधिक प्रांजळ म्हणावी लागेल. तिच्या मते ‘परिचय-उड्डाण’ ही मोबदला घेऊन घडविलेली अल्पकालीन हवाई सहलच होय. मात्र तिचा हेतु नवे विद्यार्थी वा सभासद आकृष्ट करणे हा असावा, आणि नफा संस्थेबाहेर वाटला जाऊ नये.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. उतारूंसाठी घालून दिलेली कडक बंधने शिकाऊच्या उड्डाणास लागू होत नाहीत. पावतीवर ‘पहिला पाठ’ असे लिहून सहल विकली, तर त्या बंधनांनी मिळणाऱ्या संरक्षणास, सुकाणूला हातही न लावलेला तो ‘विद्यार्थी’ मुकतो.