वेधशाळेतील एक सकाळ

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला ‘मौसम’ म्हणतो, त्याला मराठीत ‘हवामान’ म्हणतात. ‘मौसम’ हा शब्द मूळचा अरबी. अरबी खलाशी ठरावीक ऋतूत वाहणाऱ्या वाऱ्यांच्या जोरावर जहाजे हाकीत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला येत. त्यांचा ऋतूसाठीचा हा शब्द पुढे पोर्तुगिजांच्या तोंडून युरोपात गेला आणि ‘मान्सून’ होऊन आपल्याकडे परत आला. मराठीतील ‘मोसमी पाऊस’ याच शब्दाचा नातेवाईक. ‘अंदाज’ हा शब्दही मराठीने फारसीतून घेतला. अंदाज म्हणजे हिशेब करून बांधलेला तर्क. ते ज्योतिष नव्हे आणि नुसता तुक्काही नव्हे.

हवामानाचा हा अंदाज कोण बांधते? कसा बांधते? आणि हे काम शिकायचे असेल तर काय करावे? हे प्रश्न एका मुलीच्या निमित्ताने समजून घेऊ. मुलगी आणि तिला उत्तरे देणाऱ्या मॅडम आपल्या कल्पनेतील आहेत. पण त्या ज्या यंत्रांविषयी आणि घटनांविषयी बोलतात, त्या खऱ्या आहेत.

समजा, बुटीबोरीच्या एका उर्दू शाळेत ही मुलगी नववीत शिकते. बुटीबोरी म्हटले की लोकांना कारखाने आठवतात. पण त्या कारखान्यांच्या पलीकडे काळ्या मातीची शेतेही आहेत. तिचे अब्बू चार एकरांत कपाशी आणि तूर पेरतात. यंदा जूनच्या सुरुवातीला एक चांगली सर आली. अब्बूंनी लगेच पेरणी उरकली. त्यानंतर अठरा दिवस आभाळ कोरडे राहिले. उगवलेली रोपे करपली. उसनवार करून पुन्हा बियाणे आणावे लागले. याला दुबार पेरणी म्हणतात. त्या संध्याकाळी अब्बू रागाने म्हणाले, “बातम्यांत पाऊस सांगितला होता. कुठे आहे पाऊस? हे अंदाज सांगणारे नुसते बोलतात!”

मुलगी काही बोलली नाही. तिला विज्ञान आवडत होते. मोठेपणी हवामानाचा अभ्यास करावा, असे तिच्या मनात होते. पण ज्या कामावर अब्बूंचा विश्वास नाही, ते काम आपण कसे करायचे?

मराठीच्या बाईंनी तिची अडचण ओळखली. त्या म्हणाल्या, “चल, आपण तिथे जाऊनच विचारू.”

बुटीबोरीहून वर्धा मार्गाने नागपूरकडे निघाले, की शहराच्या अलीकडे सोनेगावचा विमानतळ लागतो. तेथेच भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढ्या मोठ्या प्रदेशाचे काम हे केंद्र पाहते. दोघी सकाळी सव्वाआठला पोहोचल्या. हवामान अधिकारी मॅडम त्यांना थेट मोकळ्या मैदानात घेऊन गेल्या. तेथे पांढऱ्या रंगाची एक लाकडी पेटी चार पायांवर उभी होती. तिच्या भिंती खिडकीच्या झडपांसारख्या होत्या. बरोबर साडेआठला एका कर्मचाऱ्याने पेटीचे दार उघडले, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणले आणि आकडा वहीत लिहिला.

मुलीने पहिला प्रश्न तेथेच विचारला.

मुलगी : मॅडम, तापमापक पेटीत का ठेवला आहे?

मॅडम : आपल्याला हवेचे तापमान मोजायचे आहे, उन्हाचे नाही. तापमापक उघड्यावर ठेवला तर तो उन्हाने स्वतःच तापेल आणि चुकीचा आकडा दाखवील. पांढरा रंग ऊन परतवतो, झडपांतून वारा खेळतो. पेटीचे दार उत्तरेकडे असते, म्हणजे ते उघडल्यावरही तापमापकावर ऊन पडत नाही. आणि वेळ पाहिलीस? साडेआठ. या क्षणी जगभरच्या वेधशाळांत अशाच नोंदी होत आहेत. सर्वांनी एकाच वेळी मोजले, तरच पृथ्वीवरील हवेचे एक पुरे चित्र तयार होते.

मुलगी : पण पाऊस तर वर आभाळात तयार होतो. तिथले कसे कळते?

मॅडम : त्यासाठी हायड्रोजन वायू भरलेला मोठा फुगा सोडतात. त्याला एक लहान यंत्र टांगलेले असते. फुगा सुमारे तीस किलोमीटर उंच जाऊन फुटतो. वर जाताना ते यंत्र तापमान, आर्द्रता म्हणजे हवेतील ओलावा, आणि हवेचा दाब रेडिओ लहरींनी खाली कळवत राहते. फुगा कोणत्या दिशेला वाहत गेला, यावरून वरचे वारे समजतात. शिवाय डॉपलर रडार ढगांतील पावसाचे थेंब कोणत्या दिशेने सरकत आहेत ते दाखवते आणि उपग्रह वरून ढगांची छायाचित्रे पाठवतात.

मुलगी : मग अंदाज कोण बांधतो? माणूस की संगणक?

मॅडम : दोघेही. हवा कशी वाहते, कशी तापते, याचे भौतिकशास्त्राचे नियम आहेत. ते गणिताच्या रूपात महासंगणकाला शिकवलेले असतात. पृथ्वीवरील हवेचे लहान लहान चौकटींत भाग पाडून तो प्रत्येक चौकटीत पुढे काय होईल याचा हिशेब करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्का’ हे महासंगणक आले. पण संगणकाचे उत्तर तपासून पाहणारा माणूस लागतोच. विदर्भातले वारे, इथली जमीन, इथला अनुभव लक्षात घेऊन तो अंतिम अंदाज देतो.

आता मुलीने मनातला प्रश्न काढला. आवाज थोडा खाली गेला.

मुलगी : मॅडम, राग मानू नका. आमचे अब्बू म्हणतात, अंदाज खोटा निघाला. आमची पेरणी वाया गेली.

मॅडम : राग कशाला? नुकसान झाले की माणूस बोलणारच. मला सांग, बातम्यांत नेमके कोणते शब्द होते?

मुलगी : ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता.’

मॅडम : हे शब्द आम्ही सहज वापरत नाही, प्रत्येकाचे माप ठरलेले आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे शंभर ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर. त्याहून अधिक असेल, तर ‘बहुतांश ठिकाणी’. आता तूच सांग, तुरळक ठिकाणी पाऊस म्हटले, तर तो बुटीबोरीत पडण्याची खात्री होती का?

मुलगी : नाही. उलट न पडण्याचीच शक्यता जास्त होती.

मॅडम : बरोबर. दुसरे असे की, जूनच्या सुरुवातीची गडगडाटी सर पुष्कळदा मोसमी पावसाची नसते. ती मोसमापूर्वीची असते. म्हणून विदर्भातील कृषितज्ज्ञ सांगतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. पण सगळा दोष शेतकऱ्याचा, असेही मी म्हणणार नाही. आमचे शब्द त्यांना समजतील असे सांगणे, हे आमचेही काम आहे. आणि कधी कधी आमचा अंदाजही चुकतो. उद्या-परवाचा अंदाज जास्त भरवशाचा असतो. दिवस वाढतील तसा भरवसा कमी होतो. हे लपवून ठेवणारा माणूस या कामाला योग्य नाही.

मुलगी : तुमची यंत्रे कधी चुकतात का?

मॅडम : चुकतात. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर खळबळ उडाली. पण त्याच दिवशी शहरातील इतर काही यंत्रे ४४ अंशांच्या आसपास आकडा दाखवत होती. तपासणीनंतर विभागाने स्वतःच जाहीर केले, की त्या यंत्रात बिघाड होता. नागपूरला उन्हाळा कडकच असतो. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. पण ४७.९ आणि ५६ यांत फार फरक आहे. आकडा कितीही आकर्षक असला, तरी तो तपासल्याशिवाय खरा मानायचा नाही, हा आमचा पहिला धडा.

मुलगी : एवढी काळजी घेऊन फायदा किती होतो?

मॅडम : ओडिशाचे उदाहरण घे. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेथे महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे मोठे वादळ त्याच किनाऱ्यावर आले. या वेळी इशारा काही दिवस आधी मिळाला होता. सरकारने लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवले. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. घरे पडली, पिके गेली. पण माणसे वाचली. आपल्या विदर्भात समुद्र नाही, पण वीज पडून शेतात माणसे दगावतात. पुण्याच्या संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर सूचना देते. ढग गडगडू लागले, की झाडाखाली थांबायचे नाही, हे अब्बूंना नक्की सांग.

मुलगी : मुलींना हे काम जमते का? रात्रीही यावे लागते ना?

मॅडम : रात्रपाळी असते. विमाने रात्रीही उडतात आणि वादळ घड्याळ पाहून येत नाही. पण मुलींना का जमू नये? अण्णा मणी यांचे नाव ऐकले आहेस? त्यांचा जन्म १९१८ साली केरळात झाला. त्यांनी सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत. अण्णा मणींनी ती देशातच अचूक बनावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. पुढे त्या विभागाच्या उपमहासंचालक झाल्या. आज मी इथे उभी आहे, तेव्हा त्यांनी तयार केलेल्या वाटेवरच उभी आहे.

मुलगी : मग मला कोणती वाट धरावी लागेल?

मॅडम : दहावीनंतर विज्ञान शाखा घे. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. पदवी मिळाल्यावर ‘वैज्ञानिक सहायक’ या पदासाठी प्रयत्न करता येतो. २०१७ आणि २०२२ साली कर्मचारी निवड आयोगाने या पदासाठी परीक्षा घेतल्या होत्या. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वेळची जाहिरात स्वतः वाचावी. पुढे शिकायचे असेल, तर पुण्याच्या विद्यापीठात वातावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. हवाई दलातही हवामान शाखा आहे. शेतीची आवड असेल, तर कृषी हवामानशास्त्र शीक. हवामानाची माहिती पुरवणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत.

मुलगी : आणि आजपासून काय करू?

मॅडम हसल्या. म्हणाल्या, “आजपासून नोंद ठेव. सरळ भिंतींचा एक डबा घे. तळ सपाट असावा. झाड आणि छप्पर यांपासून दूर ठेव. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोज आणि वहीत लिही. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. पाऊस पडला नाही, तर शून्य लिही. पण पान कोरे सोडू नकोस. आणि एखादा दिवस चुकला, तर मनाने आकडा घालू नकोस.”

घरी आल्यावर मुलीने अब्बूंना सारे सांगितले. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ सांगितला. अब्बूंनी ऐकून घेतले. पण ‘बरोबर’ म्हटले नाही, ‘चूक’ही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने शेताच्या बांधावर डबा ठेवला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पहिली सर आली. शेजाऱ्यांनी तिफण बाहेर काढली. मुलीने वही पाहिली आणि म्हणाली, “अब्बू, आतापर्यंत फक्त बावीस मिलिमीटर झाला आहे.” अब्बू बराच वेळ आभाळाकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी बियाण्याची पिशवी परत कोठीत ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी चहा पिताना ते एकच प्रश्न विचारू लागले, “बेटा, आज किती?”

स्वाध्याय

१. तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत का ठेवतात?
२. ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
३. ५६ अंशांचा आकडा खरा नव्हता, अशी शंका येण्यास कोणते कारण होते?
४. अब्बूंनी बियाण्याची पिशवी परत का ठेवली? तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहा.
५. पावसाळ्यात पंधरा दिवस पाऊस मोजा आणि आपली नोंद वर्गात वाचून दाखवा.