नाव एकाचे, जागा दुसऱ्याची : चिनी डोमेन आणि परदेशी संस्था
(लेखमाला : महाजालाचे पत्ते, लेखांक ६)

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव आणि होस्टिंग म्हणजे ते संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले जाते ती जागा. भारतात या दोन व्यवहारांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. इंदूरच्या अन्नपूर्णा रस्त्यावरील एखाद्या निर्यातदाराने भारतातील डोमेन-नोंदवही सांभाळणाऱ्या ‘निक्सी’च्या व्यवस्थेतून ‘डॉट इन’ किंवा 2014 पासून उपलब्ध असलेले देवनागरी ‘डॉट भारत’ नाव घेतले, तर सर्व्हर मुंबईत ठेवावा की सिंगापुरात, हा प्रश्न बहुतांशी खर्चाचा आणि सोयीचाच असतो. हाच निर्यातदार चिनी ग्राहकांकडे वळला की मात्र त्याला दोन वेगळ्या दारांतून जावे लागते.

पहिले दार तुलनेने सोपे आहे. ‘डॉट सीएन’ची नोंदवही सांभाळणाऱ्या ‘सीएनएनआयसी’ने डिसेंबर 2009 मध्ये व्यक्तींना नावे देणे थांबवले होते, 2012 मध्ये ते निर्बंध उठले आणि परदेशी संस्थांनाही नोंदणीप्रमाणपत्रासारखी कागदपत्रे सादर करून, ओळखपडताळणीनंतर, नाव घेता येते.

खरी कसोटी दुसऱ्या दाराशी लागते. चीनच्या मुख्य भूमीवरील सर्व्हरवर संकेतस्थळ ठेवायचे असेल, तर सप्टेंबर 2000 च्या नियमांनुसार बिगर-व्यावसायिक स्थळासाठी ‘बेईआन’ म्हणजे सरकारदरबारी केलेली नोंद, आणि माहितीसेवा पैसे घेऊन पुरवायची असल्यास स्वतंत्र परवाना लागतो. ‘बेईआन’चा अर्ज सर्व्हर देणाऱ्या कंपनीमार्फत प्रांतीय दूरसंचार विभागाकडे जातो आणि मिळालेला क्रमांक पानाच्या तळाशी छापावा लागतो, त्याच्या सुरुवातीला प्रांताचे एकाक्षरी संक्षेपनाम असते, जसे बीजिंगसाठी ‘जिंग’ आणि शांघायसाठी ‘हू’. चीनमध्ये नोंदलेले कार्यालय किंवा उपकंपनी नसलेल्या परदेशी संस्थेला ही नोंद व्यवहारात मिळत नाही, म्हणून अनेक जण हाँगकाँगमधील सर्व्हर निवडतात: तेथे ‘बेईआन’ लागत नाही, पण मुख्य भूमीतील वाचकापर्यंत पाने सीमेवरील गाळणीतून पोहोचत असल्याने वेगाची आणि खंड न पडण्याची हमी राहत नाही.

1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या सूचनेने दोन्ही दारे एकमेकांना जोडली. संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव त्या संस्थेच्या, तिच्या भागधारकाच्या, प्रमुखाच्या किंवा वरिष्ठ व्यवस्थापकाच्याच नावे असावे, असे तीत म्हटले आहे. त्यामुळे इंदूरची मूळ कंपनी चिनी उपकंपनीची भागधारक असेल, तर नाव स्वतःकडे ठेवून ‘बेईआन’ उपकंपनीमार्फत करण्याची वाट तिला मोकळी राहते. अशी उपकंपनी नसताना घाईने चिनी वितरकाच्या नावे डोमेन घेऊ देणे मात्र सर्वांत महागात पडणारे पाऊल आहे, कारण करार तुटला तरी नोंदवहीत मालक तोच राहतो आणि ‘सीएनएनआयसी’च्या वादनिवारण प्रक्रियेत तीन वर्षांहून जुन्या नोंदणीविरुद्धची तक्रार स्वीकारली जात नाही, त्यानंतर उरतो तो चिनी न्यायालयाचा खर्चिक मार्ग.