आजोबांचा माग फेरफारात

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात अनोळखी आजोबांचा शोध घ्यायचा, तर आधी जमिनीचे दप्तर उघडावे. आजोबांचे नाव मिळवणे तसे सोपे: वडिलांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम नोंदीत ते मधल्या जागी बसलेलेच असते. पण त्याच नावाचे चौघे गावात निघाले तर? तेव्हा वारसाचा फेरफार कामाला येतो. मयत खातेदार आणि त्याचे वारस एकाच नोंदीत येतात, सर्व्हे नंबरावरून माणूस पक्का होतो. जुने कागद वाचायचे कोणी, असे म्हणतील. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे दप्तर उर्दूत, काही मोडीत. पण २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली असली दप्तरे तपासलीच. जाणकार गाठला की कागद बोलतो. भूमिहीनांचा आक्षेप मात्र खरा आहे. ज्याच्या नावावर वावर नाही, त्याला फेरफार ओळखत नाही. त्याच्यासाठी गावच्या जन्म-मृत्यू नोंदी, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. आणि त्यांतही यात्रेचा खर्च झेपलेलीच घरे.