कड्यावरून समुद्रात

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जुलैमध्ये मध्यरात्रीही ऊन असतं. लाँगयिअरब्येन बंदरातून निघालेली छोटी जहाजं हिनलोपेन सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येलेट कड्यापाशी थांबतात आणि प्रवासी रबरी होड्यांत उतरतात. समोर काळ्या खडकाच्या अरुंद कपारींवर ब्रुनिक गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६०,००० जोड्या! घरटं नाहीच, मादी उघड्या खडकावर एकच अंडं घालते. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं, की धड उडता येत नसतानाच ते समुद्राकडे झेपावतं. नेम चुकून जमिनीवर पडलं, तर तिथे कोल्हे टपलेले असतात. पाण्यात पोचलेल्या पिल्लाला पुढचे काही आठवडे बापच मासे भरवतो. पिल्लाची ही झेप मला इथल्या ध्रुवीय अस्वलाच्या दर्शनापेक्षाही थरारक वाटते.

अस्वलांसाठीचे नियम कडक आहेत, आणि ते योग्यच आहेत. २०२५पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर मार्च ते जून ५०० मीटर अंतर राखावं लागतं. संरक्षित क्षेत्रांत २००हून जास्त प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव आहे. ही काळजी हवीच, कारण समुद्रावरचा बर्फ घटतोय, आणि सील पकडायला अस्वलाला तोच लागतो. तुम्ही कधी गेलात, तर चांगली दुर्बीण न्या; जहाज आणखी जवळ नेण्याचा आग्रह धरू नका.