प्रोस्टेटची पेशी हाडात का रुजते?

प्रोस्टेटचा कर्करोग रक्तावाटे पसरला की बहुतेक वेळा हाडच गाठतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोगाच्या १,५८९ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या होत्या. रोग रक्तावाटे दूर गेलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांच्या हाडांत तो सापडला. तिथे तो वागतोही वेगळा. मूत्रपिंडाचा कर्करोग हाड पोखरतो आणि एक्स-रेवर काळसर पोकळी दिसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात मणक्यांवर, कमरेच्या हाडांवर बहुधा पांढरे ठिपके उमटतात, कारण तिथे नवे हाड तयार होत असते. पण त्या हाडातल्या तंतूंची वीण विस्कटलेली असते, म्हणून ते दाट असूनही ठिसूळ राहते, दुखते आणि मोडते. माझ्या मते या रोगाचे कोडे त्या पांढऱ्या ठिपक्यातच आहे, आणि त्याचे उत्तर जनुक बिघडण्यापेक्षा चांगले जनुक भलत्या जागी चालू होण्यात अधिक आहे.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. कोणते चालू आणि कोणते बंद, यावर ती हाडाची होते की ग्रंथीची हे ठरते. हाडाच्या बाबतीत ही किल्ली रन्क्स-२ या जनुकाच्या प्रथिनाकडे आहे. १९९७ साली ते जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्ले जन्मली, ती कूर्चेचा सांगाडा घेऊन. हाड तयारच झाले नव्हते. हेच रन्क्स-२ पसरणाऱ्या प्रोस्टेटच्या पेशींत जागे झालेले आढळते. मग ऑस्टिओकॅल्सिनसारखी, एरवी हाड घडवणाऱ्या पेशी करतात ती प्रथिने या पेशीही करू लागतात. १९९९ साली लिलंड चुंग आणि सहकाऱ्यांनी या गुणाकडे लक्ष वेधले: पेशी हाडाची नक्कल करते. पुढे देवाणघेवाण सुरू होते. कर्करोगाच्या पेशीने सोडलेले एंडोथेलिन हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींना चेतवते, तिच्या इतर इशाऱ्यांनी हाड झिजवणारेही कामाला लागतात आणि झिजलेल्या हाडात साठलेला टीजीएफ-बीटा हा वाढीचा घटक बाहेर पडून पेशीतली आणखी जनुके चालू करतो.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप आहे. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली दाखवले की ओटीपोटातल्या शिरा कण्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्याला मिळतात. मग वाट सोपी म्हणून पेशी मणक्यात गेली, इतके पुरत नाही का? पोहोचण्यापुरते पुरते. पण पोहोचलेल्या बहुतेक पेशी मरतात. तगणाऱ्या का तगतात, हे शिरा सांगत नाहीत. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ नोंदींवरून बी आणि जमीन, म्हणजे पेशी आणि ती जिथे रुजते तो अवयव, यांचे नाते मांडले होते. दुसरा आक्षेप असा की कर्करोग म्हणजे जनुकांतली मोडतोडच. खरे आहे, पण ती मोडतोड पाहा. २००५ साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला २१व्या गुणसूत्रावरची दोन जनुके जोडली गेलेली दिसली. त्यांपैकी टीएमपीआरएसएस-२ चे बटण पुरुषी संप्रेरकाने दाबले जाते. ते एरवी शांत असलेल्या दुसऱ्या जनुकाला, ईआरजीला, लागले. मोडले ते बटण! मोडतोड आणि नियमन हे इथे दोन पक्ष उरत नाहीत.

रुग्णाला याचा उपयोग काय, हा प्रश्न सर्वांत न्याय्य. रन्क्स-२ बंद करावे तर निरोगी हाडालाही ते हवेच. पण नकलेच्या परिणामावर घाव घालता येतो. रेडियम-२२३ शरीराला कॅल्शियमसारखे भासते, त्यामुळे जिथे हाड नव्याने रचले जाते तिथे ते जाऊन बसते आणि त्याचे अल्फा किरण केसाच्या जाडीइतक्याच टापूत मारा करतात. संप्रेरकरोधी उपचारांना न जुमानणाऱ्या, हाडांत दुखणे असलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुर्मान ११.३ महिन्यांवरून १४.९ महिन्यांवर गेले. सुमारे साडेतीन महिन्यांची ही भर तोकडी आहे, हे मान्यच. पण ती मिळाली पांढऱ्या ठिपक्याचाच पत्ता वापरून.