मुशीची प्राचीन प्रतिकारशक्ती

ब्रिटनच्या किनाऱ्यालगत विपुल असलेल्या ठिपकेदार मुशीचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे लवचिक ऊतीचा असल्याने तिच्यात अस्थिमज्जा नसते आणि पांढऱ्या पेशी घडवण्याचे काम जननग्रंथींलगतची एक मऊ ऊती करते. तरीही रोगजंतूंना नेमके ओळखणारी प्रथिने, म्हणजेच प्रतिपिंडे, तिच्याकडे आहेत. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांपासून वेगळ्या झालेल्या वंशात ती सापडावीत, हा त्यांच्या प्राचीनतेचा भक्कम पुरावा होय. त्याहून विलक्षण म्हणजे, १९९५ मध्ये नर्स शार्कमध्ये वर्णिलेल्या एका प्रतिपिंडात नेहमीची हलकी साखळी, म्हणजे प्रतिपिंडाच्या जोडीतला लहान प्रथिन-घटक, मुळीच नसते, त्यामुळे त्याचे आटोपशीर टोक इतर प्रतिपिंडांना न गवसणाऱ्या खाचांत शिरू शकते. हा गुण औषधांसाठी वापरण्याचे मोलाचे संशोधन स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठात झाले आणि त्यातूनच एलास्मोजेन ही कंपनी उभी राहिली.